कोल्हापूरच्या बिंदू चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेला लॅटिन कोश

२५० रुपयांना लॅटिन-इंग्रजी कोश घेतला. मालक म्हणाले, "न्या की बाई, दोन वर्षं झाली, कुणी हात लावला नाही." तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलं, पण लॅटिन कधी वाचलं नव्हतं.

पहिल्यांदा शोधलं ते 'जोडणे'. कोशात ते 'जे' अक्षराखाली छापलंय, पण जुने रोमन तिथे य म्हणायचे: युंगेरे. हा तर आपला संस्कृत धातू युज्, जोडणे! युनक्ति, युञ्जन्ति. धातूच्या पोटात शिरणाऱ्या या न-ला पाणिनी श्नम् म्हणतो. असा न घेणाऱ्या धातूंचा गट, म्हणजे रुधादि गण, शिकवताना मुलं इथेच अडायची. लॅटिनमध्येही तेच. फिंदो म्हणजे मी फोडतो, फिदी म्हणजे फोडलं. भूतकाळात न गायब. आपलं भिनत्ति (फोडतो) आणि बिभेद (फोडलं) शेजारी ठेवून बघा. युंगो म्हणजे मी जोडतो, त्याचा न मात्र भूतकाळातही सुटला नाही, युंक्सी. पण नामात तो नाहीच: युगुम. संस्कृतात युगम्, ग्रीकमध्ये झुगोन, इंग्रजीत योक, मराठीत जू.

माझं माहेर कागलकडचं. वडिलांच्या ऊसगाडीचं जू बाभळीचं होतं, शिवळा म्हणजे खुंट्या घालायच्या भोकांच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि बैलांच्या मानेजवळचं लाकूड हात फिरवला तर तुळतुळीत लागायचं. युगाचं जू झालं ते प्राकृतात य-चा ज झाला म्हणून. यात्रेची जत्रा झाली तीही अशीच. चैत्रात जोतिबाला जातो ती. तिकडे इटालियन लोकांनीही युगुमचं जोगो केलं. एकमेकांना न विचारता दोन्हीकडे ज! त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोशाचे दोष सांगायलाच हवेत. व्युत्पत्ती एका ओळीत उरकलीय, टाइप इतका बारीक की भिंग लागतं, 'एस'ची बारा पानं सुटी. तरी आधी ऑनलाइन मागवलेल्या पुनर्मुद्रणापेक्षा हा शंभर पटीनं बरा; त्यात पानं तिरकी छापली होती आणि शेवटच्या ओळी कापल्या गेल्या होत्या. मालकांनी ५० रुपयांत सुटी पानं शिवून कापडी पाठ लावून दिली.

दुकान अरुंद आहे, धूळही भरपूर. दम्याच्या माणसानं रुमाल न्यावा. माळ्यावर एक ग्रीक व्याकरणही आहे. ते माझ्यासाठी ठेवायला सांगितलंय, पेन्शन जमा झाली की आणणार.