नाणेघाट हेरिटेज ट्रेक (एक दिवस, ११०० रुपये) – साडेतीन स्टार

ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लीडर पोरगा चांगला होता, गोंधळ सगळा बुकिंगवाल्यांचा. कल्याण स्टेशनला सकाळी ६ ला बोलावलं आणि बस आली ७:१० ला. वैशाखऱ्यापासून चढायला सुरुवात केली तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं.

वाट मस्त आहे, आधी झाडी आणि मग दगडी पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा, आणि आपण एक सॅक घेऊन धापा टाकतोय! बसमध्ये लीडरने सांगितलं की पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात कल्याणचा उल्लेख आहे, आणि पुढे असे दिवस आले की तिथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहारा लावून भरुचला नेत. म्हणजे कल्याणला अडकायची परंपरा जुनीच (माझा जोक, बस हसली नाही).

खरी मजा गुहेत. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख दोन्ही बाजूच्या भिंतींवर आहे, समोरून बघितलं तर नुसते ओरखडे वाटतात. पोराने टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारला आणि अक्षरं अशी उठून आली की सगळे गप्प. यज्ञांची दक्षिणा लिहिलीये, एका ठिकाणी ११,००० गायी आणि १००० घोडे, आणि हे आकडे अंकांतच खोदलेत, आपल्या देशातले एकदम जुने अंक. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते, आता वर नावं तेवढी राहिलीत.

आणि एवढ्या सगळ्याला वेळ किती? वीस मिनिटं! कारण काय तर 'वर फोटो पॉइंटला गर्दी होईल'. अरे मग हेरिटेज कशाला लिहिता, सेल्फी ट्रेक लिहा ना.

वर तो दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. कोणीतरी फास्टॅगचा जोक मारलाच. मी आत डोकावलो तर वेफर्सची पाकिटं. जेवणात पिठलं-भाकरी, ठेचा एक नंबर, पण 'सगळं धरून ११००' म्हणणाऱ्यांनी रांजणाच्या शेजारीच उभं राहून जेवणाचे दीडशे वेगळे मागितले, जागा बरोबर निवडली होती एवढं मात्र मान्य.

तीन स्टार ठेचा आणि टॉर्चवाल्या पोराला, अर्धा घाटाला. घाटाला पाच दिले असते, पण बुकिंग त्याच्याकडे नव्हतं.