विशाखापट्टणमचं पाच दिवसांचं पॅकेज: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

चंद्रपूर-यवतमाळकडे तूर निघाली की टूरवाल्यांची पत्रकं फिरायला लागतात. तिरुपती-रामेश्वरच्या जोडीला आता 'विशाखापट्टणम-अराकू, चार रात्री पाच दिवस' हेही बसस्टँडच्या भिंतीवर दिसतं. इथे परीक्षण त्याच पॅकेजचं. टूरवाल्याचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण वेळापत्रकं एकमेकांवरून उतरवलेली असतात, तीही चुकांसकट. एका पत्रकात तर 'समुद्रात मावळणारा सूर्य पाहणे' असं छापलंय. विशाखापट्टणम पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो. ही ओळ कोकणच्या टूरमधून आली, हे उघड आहे.

गाडी, हॉटेल, जेवण या तिन्हींत हे पॅकेज पास होतं. नापास होतं ते क्रमात. पत्रकावर बावीस पॉइंट. त्यात तीन समुद्रकिनारे तीन वेगळे पॉइंट म्हणून धरलेले, बंदर 'गाडीतून', डॉल्फिन्स नोजचा डोंगर 'लांबून'. एवढे पॉइंट कोंबायचे म्हणून जी ठिकाणं खरंच पाहण्यासारखी आहेत, तिथे गाडी नेमकी चुकीच्या वेळी पोहोचते.

आधी रेल्वे. बल्लारशाहून काझीपेट-विजयवाडा करत जाणारा रस्ता सुमारे 800 किमीचा. गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांना रायपूर आणि ओडिशातल्या रायगडामार्गे जाणारी गाडी सोयीची. तिकीट हातात पडलं की उतरायचं स्टेशन वाचा. विशाखापट्टणम स्टेशनात विजयवाड्याकडून आलेल्या गाडीला पुढे हावड्याकडे जायचं तर इंजिन उलट्या टोकाला लावावं लागतं. तो वेळ वाचवायला कित्येक लांब पल्ल्याच्या गाड्या शहरात शिरतच नाहीत, दुव्वाड्यावरून परस्पर निघून जातात. दुव्वाडा शहरापासून सतराएक किमी. भल्या पहाटे तिथे म्हाताऱ्या माणसांसह आणि बॅगांसह उतरायचं, तर स्टेशनवर घ्यायला गाडी येणार का, ते आधीच विचारून ठेवा.

हॉटेल ठीक असतं. समुद्र दिसणारी खोली या भावात मिळत नाही, आणि तिची गरजही नाही. हवा मात्र समजून घ्या. आपल्याकडचं 45 अंशांचं कोरडं ऊन सोसणारा माणूस तिथल्या 33 अंशांत गळून जातो, कारण घाम वाळत नाही. रात्री धुतलेला टॉवेल सकाळी ओलाच. घरून नेलेला चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात लहान लहान पुड्या बांधून न्या आणि एका वेळी एकच फोडा.

पहिल्या दिवसाची मोठी फसगत पाणबुडीपाशी होते. आर. के. बीचवर 'कुरसुरा' ही खरीखुरी पाणबुडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. 1969 साली नौदलात आली, 1971 च्या युद्धात होती, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि 2002 पासून संग्रहालय आहे. अख्ख्या टूरमध्ये पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते इथे. पण सोमवारी ती बंद असते, आणि इतर दिवशी सहसा दुपारी दोननंतर उघडते. सकाळी दार उघडतं ते फक्त रविवारी. पत्रकात वेळ सकाळी अकराची. त्यातून रविवारी गावाहून निघालेली तुकडी सोमवारी शहरात पोहोचते, म्हणजे दुहेरी नुकसान. मग गाइड बाहेरून फोटो काढायला लावतो आणि पॉइंट 'झाला'.

आत गेलात तर घाई करू नका. 91 मीटर लांबीच्या त्या लोखंडी नळीत पंचाहत्तरेक माणसं राहायची. वाट एवढी अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. म्हणूनच रांग एकाच दिशेने, एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर. टॉर्पेडोच्या नळ्यांलगतच झोपायच्या फळ्या आहेत, स्वयंपाकाची जागा आपल्या देवघराएवढी. काही ठिकाणी वाकावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. पाठीवरची बॅग बसमध्येच ठेवा, ती पाइपांना अडकते. रस्त्याच्या पलीकडे टीयू-142 हे पाणबुड्या शोधणारं अवाढव्य विमान 2017 पासून मांडलंय. तेही त्याच संध्याकाळी उरकतं. पंखांखाली उभं राहून वर बघा, फोटोत तो आकार येत नाही.

म्हणून पहिला दिवस असा लावून घ्या: सकाळी सिंहाचलम, दुपारी आराम, तीनला पाणबुडी, मग कैलासगिरी. सिंहाचलमची नृसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, निजरूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं, त्यामुळे मूर्ती दिसली नाही म्हणून गाइडवर चिडू नये. कैलासगिरीच्या रोपवेला संध्याकाळी रांग लागते आणि जानेवारीत पावणेसहानंतर झपाट्याने अंधारतं. पाचपर्यंत वर पोहोचलात तरच खालचा वळणदार किनारा दिसेल. नाहीतर नुसते दिवे.

आता अराकू, घाटावरचं कॉफीच्या मळ्यांचं खोरं. पॅकेजचा निम्मा पैसा या दिवसासाठी असतो आणि इथेच तो वाया जातो. शहरापासून अराकू सुमारे 115 किमी, वाटेतल्या बोर्रा गुहा 90 किमीच्या आसपास. पत्रकाप्रमाणे बस आठला निघते म्हणे. प्रत्यक्षात पन्नास माणसांची आंघोळ-नाश्ता होईस्तोवर नऊ. अनंतगिरीच्या घाटात दोघा-तिघांना गाडी लागते, बस थांबते. बोर्राला पोहोचायला साडेबारा-एक वाजतो, आणि एक ते दोन गुहा जेवणाच्या सुट्टीसाठी बंद. अराकूत चार वाजतात, पावणेसहाला काळोख. कॉफीच्या मळ्यात उतरायचं राहूनच जातं.

उपाय सोपा आहे: वर जाताना रेल्वे, येताना बस. किरंदुल पॅसेंजर सकाळी सातच्या आत विशाखापट्टणमहून सुटते. हा मार्ग 1960 च्या दशकात बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर आणून जपानला पाठवायला बांधला. लोहखनिजाच्या खाणीमुळे सुरजागडचं नाव रोज ऐकणाऱ्या गडचिरोलीकराला यातली गंमत वेगळी सांगायला नको. या मार्गावर 58 बोगदे आहेत. बोगदा आला की पोट्टे ओरडतात, बाहेर पडलं की खाली दरी. काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा छान आहे, पण साध्या डब्याच्या उघड्या खिडकीतून दरी काही कमी दिसत नाही. फक्त आरक्षण नसेल तर जागेसाठी सहाच्या आधी फलाटावर उभं राहावं लागतं.

बोर्रा गुहालु स्टेशनवर उतरा आणि रिकामी बस तिथे येऊन थांबेल असं ठरवून घ्या. गुहा दहाला उघडतात, म्हणजे तुम्ही पहिल्या गर्दीत. सुमारे 80 मीटर खोल उतरणाऱ्या या चुनखडीच्या गुहा आहेत. पायऱ्या ठिबकत्या पाण्याने ओल्या असतात. गुळगुळीत तळाची चप्पल घातलेला माणूस इथे हमखास घसरतो. खोबणीच्या तळाचे बूट घाला, आणि साडी नेसणाऱ्या बायांनी निऱ्या जरा वर खोचाव्या. चढून परत येताना दम लागतो. बरोबरच्या म्हाताऱ्यांना पहिल्या मोठ्या दालनात बसवून ठेवलं तरी चालतं, मुख्य गोष्ट तिथूनच दिसते.

बोर्राला उतरल्यामुळे सिमिलीगुडा स्टेशन मात्र हुकतं, जे 996 मीटरवर असून एके काळी ब्रॉडगेजवरचं सर्वांत उंच म्हणून ओळखलं जायचं. ज्याला रेल्वेचीच हौस आहे त्याने थेट अराकूपर्यंत जावं आणि गुहा परतीत घ्यावी, पण तीनच्या आत.

चिखलदऱ्याची कॉफी पाहिलेल्याला अराकूचे मळे ओळखीचे वाटतील: वर सिल्व्हर ओकची सावली, खोडावर चढलेली मिरीची वेल, खाली कॉफी. नोव्हेंबर-डिसेंबरात वावरंच्या वावरं पिवळी दिसतात. ती मोहरी नाही, आपली कारळ. पावडर घ्यायची तर चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड, किती टक्के ते पाकिटावर वाचा. टपरीवर 'शुद्ध' म्हणून विकलेलं बऱ्याचदा मिश्रण असतं. घाट उतरताना गाडी लागणाऱ्याने निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसावं. पोटभर बांबू चिकन खाऊन मागच्या सीटवर बसणं म्हणजे उलटीला आमंत्रण.

समुद्रात उतरण्याबद्दल टूरवाले फक्त 'काळजी घ्या' म्हणतात, तेवढ्याने भागत नाही. आर. के. बीच बुडण्याच्या घटनांसाठी बदनाम आहे. वैनगंगेत पोहणाऱ्याचा अंदाजही इथे चुकतो. नदीची ओढ एकाच दिशेची. इथे किनाऱ्यावर फुटलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे ओढलं जातं. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत, गढूळ दिसतं, तोच पट्टा धोक्याचा, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अडकलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर हात मारत पट्ट्याबाहेर या, मग वळा. पोहता न येणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. भिजायचंच तर शहरापासून आठेक किमीवरच्या रुशिकोंड्याला, जीवरक्षक असतील तिथे.

सोबत आचारी असतो ही सोय चांगली. रात्री थकून आल्यावर गरम पोळी-भाजी मिळते. पण सकाळीही त्याचेच पोहे खाणं म्हणजे वाया. टिफिन सेंटरात पेसरट्टु मागा, सालासकट भिजवलेल्या मुगाचं धिरडं, आत उपमा, सोबत आल्याची चटणी. दुपारी आंध्रा मील्समध्ये गोंगुरा येईल. ती आपली अंबाडीच! कण्यांसोबत अंबाडी खाणाऱ्याला तिथल्या भाताबरोबर ती पहिल्या घासात आवडते. तिखटाची भीती सावजी खाणाऱ्याला नको, तरी पोट्ट्यांसाठी 'कारम तक्कुवा' म्हणजे तिखट कमी, असं सांगा. वंजरम म्हणजे सुरमई. वजनावर घेत असाल तर भाव तळण्याआधी ठरवा. भाव विचारायला 'एंता' हा एक शब्द पुरतो. तेलुगू बोलणारा सिरोंच्याचा कोणी सोबत असेल तर दुभाष्याचा प्रश्नच मिटला.

तोट्लकोंडा पत्रकात शेवटी आणि बारीक अक्षरात असतं. भीमिलीच्या रस्त्यावरची ही बौद्ध विहारांची टेकडी आहे, दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून नाव पडलं. सावली नाही, म्हणून सकाळीच जा. बाजारातले दोन तास कापून इथे द्यावेत असं ठिकाण आहे.

दिवाळीच्या सुट्टीतली तुकडी टाळा. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ थेट या शहरावर आदळलं होतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या किनाऱ्यावर वादळांचा काळ. डिसेंबर-जानेवारी उत्तम, अराकूसाठी स्वेटर लागतो. ॲडव्हान्स देण्याआधी टूरवाल्याकडून एकच कागद लिहून घ्या: पाणबुडी कोणत्या वारी आणि किती वाजता, बोर्राला किती वाजता, वर जाताना रेल्वे की बस. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तुकडी ठरण्याआधीच ते काढावं लागतं, आणि टूरवाले बसच पुढे करतात त्याचं खरं कारण हेच आहे.