स्तनाच्या ऑपरेशननंतर घरी लागणारं सामान: आठ महिन्यांचा वापर आणि ५० एमएलचा पेला

जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा डबा ठेवायची विकतची पिशवी परवा तिसऱ्यांदा कमरेवरून सुटली आणि भरलेला डबा नळीवर लोंबकळला. ती नळी कातडीला एका टाक्याने धरलेली असते. डब्याचं सगळं वजन त्या टाक्यावर आलं की बाई कळवळते, आणि टाका सुटला तर नळीच बाहेर सरकते. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. आमच्या बचत गटाने वर्गणीतून घेतलेला या सामानाचा संच आठ महिन्यांत चार घरी फिरला. नळी म्हणजे काय, डबा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी ऑपरेशन झालं त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: जखमेत साठणारं पाणी नळीतून डब्यात येतं, आणि दाबून ठेवलेला डबा फुगताना ते ओढून घेतो. काय टिकलं, काय पैसे खाऊन बसलं, तेवढंच सांगते.

आधी ही पिशवी. कापड जाळीचं, दिसायला छान, पट्टा वेलक्रोचा. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पिंज उडत असते. ती वेलक्रोच्या आकड्यांत बसते आणि महिनाभरात पट्टा चिकटेनासा होतो. जुन्या दातांच्या ब्रशने आकडे साफ केले तर चार दिवस चालतो, पुन्हा तेच. शिवाय पट्टा नायलॉनचा, त्याने घामाने कमरेला पुरळ येतं. हे साडेचारशे रुपये वाया गेले असं मी स्पष्ट म्हणते. जुन्या सुती लुगड्याची पिशवी यापेक्षा सरस. डबा मापायचा, लांबी-रुंदीला दोन-दोन इंच जास्त धरायचे, कापड दुहेरी घ्यायचं, आणि कमरेला परकराचा नाडा. दोन नळ्या असल्या तर एका नाड्यावर दोन कप्पे, दोहोंवर १ आणि २ असे आकडे धाग्याने काढलेले. पिशवी जखमेच्या खालीच राहिली पाहिजे. नळीला थोडा ढिला वळसा द्यायचा, पण पीळ नको. सेफ्टी पिन कापडात टोचायची, नळीला कधीच नाही. अशा दोन पिशव्या केल्या की एक धुतलेली असते.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ती वस्तू: ५० एमएलचा मापाचा पेला. संचात तो नव्हता. विकतच्या कुठल्या संचात असतो, तेही मला दिसलं नाही. आणि माझ्या मते सगळ्या सामानात एकच वस्तू घ्यायची झाली तर हीच घ्यावी.

कारण असं. नळी कधी काढायची हे दिवसांवर ठरत नाही, चोवीस तासांत किती पाणी आलं यावर ठरतं. बहुतेक सर्जन सांगतात की लागोपाठ दोन दिवस ३० एमएलच्या खाली आलं की या. काही जण २० म्हणतात. आपल्याला जे सांगितलं तेच धरायचं. पण डब्यावरच्या खुणा पन्नास-पन्नासच्या. त्यातही डबा भात्यासारखा. अर्धा दबलेला असताना त्या खुणांना काहीच अर्थ नसतो, पूर्ण फुगल्यावरच त्या खऱ्या. वर फेस, त्यात डबा जरा कलता धरला की वीस एमएलचा फरक सहज पडतो. म्हणजे २५ आहे की ४५, तेच कळत नाही, आणि सगळा निर्णय तर त्याच वीस एमएलवर टेकलेला. नळी लवकर निघाली तर आत पाणी साठून काखेखाली फुगवटा येतो, मग ते सुईने काढायला पुन्हा फेऱ्या. उगाच जास्त दिवस राहिली तर जंतू शिरायची वाट उघडी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी, मारेगावकडून सेवाग्राम किंवा नागपूरचा दवाखाना गाठायचा तर अख्खा दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. चुकीच्या आकड्यावर गेलं की डॉक्टर म्हणतात, अजून चार दिवस राहू द्या. गावातल्या बाईला ही फेरी फार महाग पडते, आणि पेला शंभर रुपयांच्या आत येतो.

मोजायची रीत: सकाळी सात आणि संध्याकाळी सात, रोज तीच वेळ. दोन्ही वेळचे मिळून चोवीस तासांचा आकडा. हात साबणाने धुवायचे. आधी नळीवरची चिमट बंद करायची. मग डब्याचं बूच उघडून पाणी पेल्यात ओतायचं, पेला सपाट पाटावर ठेवायचा, आणि खाली वाकून डोळा पाण्याच्या रेघेला आणून आकडा वाचायचा. वही जवळच हवी: तारीख, वेळ, नळी १, नळी २, रंग. बुचाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, डबा सपाट जागी ठेवून तळहाताने पूर्ण दाबायचा आणि दाबलेला असतानाच बूच बसवायचं. शेवटी चिमट उघडायची. हे शेवटचं विसरण्याइतकी घातक चूक दुसरी नाही. डबा छान दबलेला दिसतो, दुसऱ्या दिवशी आकडा शून्य येतो, घरातले म्हणतात पाणी आटलं, आणि ते सगळं आत साठत असतं. वहीत ‘चिमट उघडली’ असा रकाना करून रोज बरोबरची खूण करायला लावली, तेव्हापासून एकाही घरी ही चूक झालेली नाही.

उलट प्रकार, डबा दाबल्याबरोबर भसकन फुगला, तर हवा शिरते आहे. बूच नीट बसलं नाही, जोड ढिला आहे, किंवा नळीचं भोक कातडीबाहेर आलं आहे. पहिली दोन घरी तपासावीत, तिसरं असेल तर दवाखाना. नळी स्वतः आत ढकलायची नाही, स्वच्छ गॉज लावून निघायचं. डबा अर्धा भरला की रिकामा करावा. भरत जातो तशी ओढ कमी होते.

८० येत होतं आणि एका रात्रीत १० वर आलं, तर आनंद करू नका. बहुतेक वेळा नळीत गुठळी अडकलेली असते. एका हाताच्या चिमटीत नळी कातडीजवळ घट्ट धरायची, म्हणजे टाक्याला ओढ बसत नाही. दुसऱ्या हाताची बोटं जराशी ओली करून नळी चपटी दाबत डब्याकडे सरकवत न्यायची. दिवसातून दोन-तीनदा. रंग लाल, मग गुलाबी, मग गवती पिवळा, असा उतरत जावा. पिवळ्यावरून पुन्हा लालभडक झाला, डबा भराभर भरला, वास आला किंवा १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहू नये. गावातल्या आशा सेविका ताईंना वही दाखवून ठेवलेली बरी. फोनवर डॉक्टरला आकडे सांगता येतात.

काखेतल्या उशीबद्दल माझं मत मध्येच बदललं, तेही नोंदवते. पहिले दोन महिने ती मी बाद ठरवली होती. पिंजाऱ्याकडून घरच्या कापसाने भरून घेतली, त्याने गादीसारखी ठासून भरली. दगड झाली. बाईचा हात ती बाहेर ढकलायची, खांदा अवघडायचा. मग उसवून निम्म्याच्या वर कापूस काढला, आणि तीच उशी सगळ्यांत जास्त मागणीची झाली. साधारण बारा इंचांची, बदामाच्या आकाराची, दाबली की हात बुडेल इतकी ढिली. घरी हाताखाली, रात्री कुशीला, एसटीत खिडकीच्या बाजूला, गाडीत सीट बेल्ट आणि छातीच्या मध्ये. कापसाची खोड एकच: भिजला की गोळे होतात, वाळायला दोन दिवस लागतात. म्हणून खोळी तीन हव्यात, आणि दर घरी जाताना खोळ उकळून. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर दंडाची आतली बाजू बधिर असते. त्या जागी गरम पाण्याची पिशवी चालत नाही, भाजलेलं कळतच नाही.

कपड्यांवर पैसे घालू नका. पुढून उघडणारा महागडा गाऊन आणला होता. त्याच्या चेनचं खालचं टोक नेमकं नळीच्या तोंडावर टोचतं. घरातल्या माणसाचा दोन मापं मोठा सुती सदरा पुरे. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

टेकून झोपायचं लोखंडी बॅकरेस्ट नवारीच्या खाटेवर घसरतं आणि बाजेच्या खोलात तर वाकडंच बसतं. खाटेवर फळी टाकली तर उत्तम चालतं, तीस-चाळीस अंशावर ठेवायचं. जमिनीवरच्या अंथरुणातून उठताना दोन्ही हातांवर जोर येतो, म्हणून पहिले तीन-चार आठवडे जमीन नकोच. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवू नये, उतरताना हात आपोआप कडीला जातो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कागदी चिकटपट्टी घामाने तासाभरात सुटते. ओलसर कातडीवर पट्टी लावूच नये, आधी कोरडं टिपून पंख्याखाली पाच मिनिटं. कूलरचा झोत थेट ड्रेसिंगवर नको, दमटपणा वाढतो. नळी असेपर्यंत अंग ओल्या फडक्याने पुसायचं. मोरीत प्लास्टिकचं उंच स्टूल लागतं. पाण्याचा गुंड, हापशीचा दांडा, कडेवर लेकरू, हे सगळं दीड महिना तरी बंद.

व्यायामाला विकत काहीच लागत नाही. नळी असताना कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. मूठ उघडझाप, कोपर वाकवणं एवढंच. नळी निघाल्यावर, डॉक्टरने हो म्हटलं की भिंतीवर बोटं चढवायची, आणि जिथवर पोचली तिथे कोळशाने रेघ मारायची. आडव्या लाकडावरून सुती दोर टाकून चांगल्या हाताने दुसरा हात वर ओढायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सूज आवरायचा हाताचा घट्ट मोजा मात्र आधीपासून घेऊ नका. आमच्या संचातला न मापता घेतलेला, तो दंडाला दोरीसारखा आवळतो. पेटीत तसाच पडून आहे. दर महिन्याला दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या टेपने एकाच जागी मोजावा. दोन सेंटीमीटरचा फरक पडला तर दाखवायला जावं. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात सुई, बीपीचा पट्टा नको. बांगड्या उतरवून ठेवाव्यात. वावरात बोंडाचे काटे लागतात, विळ्याने चिरतं, तेव्हा वेचणीला हातमोजा घालूनच जावं.

काढलेल्या स्तनाच्या जागी घालायची पिशवी प्रत्येकीची स्वतःची असावी, ती संचात फिरवत नाही. सुरुवातीला नुसत्या कापसाची, हलकी. दीड-दोन महिन्यांनी जखम पूर्ण भरल्यावर मऊ सुती पिशवीत जवस भरावं. आधी १५० ग्रॅम, मग आरशात दोन्ही खांदे एका ओळीत येईपर्यंत थोडं थोडं वाढवायचं. जवस अंगाच्या आकारात बसतं, सरकत नाही. पण तेलबी आहे, उन्हाळ्यात खवट वास येतो, किडे लागतात. दर दोन महिन्यांनी बदलावं आणि भिजू देऊ नये. शेकायचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस चालू असतील तर वजनाची पिशवी अजिबात नको.

पुढच्या घरी संच जाईल तेव्हा त्यात विकतची पिशवी आणि मोजा नसेल, पेले दोन असतील. नळी १ आणि नळी २ चं पाणी एकाच पेल्यात मोजलं की कोणती आधी काढायची ते कळत नाही. पेले स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत, मोजून झाल्यावर पाणी संडासात, पेला साबणाने धुऊन उन्हात पालथा. पेला मिळालाच नाही तर मेडिकलमधून सुई नसलेली २० एमएलची सिरिंज आणा, पाणी वाटीत ओतून तिने ओढा, किती वेळा पूर्ण भरली ते मोजा आणि शेवटच्या अर्धवट भरीचा आकडा त्यात मिळवा. तेवढंही बरोबर येतं.