उंदीर पळवणारी अल्ट्रासॉनिक डबी: उभ्या कॅम्परमध्ये पाच महिने

जुलैत मी या डबीला पाच तारे दिले होते. ते परत घेतोय.

आमची मारुती ईको व्हॅन, मागे प्लायवूडचा पलंग आणि छोटं सिंक. पावसाळ्यात फिरणं बंद, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती भोरजवळच्या गावी, रिकाम्या गोठ्यात लावतो. शेजारी भाताची कणगी, म्हणजे उंदरांना आवतणच. गेल्या वर्षी त्यांनी सीटखालच्या इंजिनपाशी वायरी कुरतडल्या. सर्व्हिस सेंटरने अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलायचे १८,००० सांगितले. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने ६०० रुपयांत जोड मारले. पण धसका बसला, म्हणून ही १,४९९ ची डबी. गाडीच्या बॅटरीवर चालते आणि माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज काढून उंदीर पळवते म्हणे.

जुलैत जाऊन पाहिलं, एक लेंडी नाही. लगेच पाच तारे ठोकले.

गणपतीला किल्ली फिरवली तर नुसतं टक् सुद्धा नाही. बॅटरी ठार. मल्टिमीटर लावला: डबी २२ मिलिअँपिअर खाते. ऐकायला किरकोळ. पण दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, अडीच महिन्यांत ४० च्या आसपास, आणि माझी बॅटरीच ३५ ची! खोक्यावर ठळक छापलंय की व्होल्टेज उतरलं की डबी आपोआप बंद होते. कुठली बंद होतेय? कस्टमर केअरचा सल्ला: 'सर, गाडी दर तीन दिवसांनी चालू करा.' अहो, दर तीन दिवसांनी चालवायची असती तर तुमची डबी कशाला घेतली असती? तीन फोन, दोन ईमेल, शेवटी 'वॉरंटीत बसत नाही'. नवी बॅटरी गेली ती माझ्या खिशातून.

तरी तेव्हा डबीवर विश्वास होता. पलंगाखाली दोन-चार लेंड्या दिसल्या, पण म्हटलं वीज संपल्यावर आले असतील. म्हणून घरातून वायर ओढून ॲडॅप्टरवर ती अहोरात्र चालू ठेवली.

ऑक्टोबरात वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुमच्या त्या डबीवर उंदीर बसतो." मला वाटलं चेष्टा करतायत. जाऊन बघतो तर निळा दिवा लुकलुकतोय आणि डबीच्या डोक्यावर लेंड्या. गादीचा कोपरा पोखरून फोमचा भुगा, त्यात भाताची टरफलं. एसी लावला तर ब्लोअरमधून सुतळीचे धागे तोंडावर.

नंतर वाचलं (पैसे भरल्यावरच वाचतो आपण) की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ सालीच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा ठेवा. हा आवाज गादी, सीट, प्लाय असं काही आडवं आलं की अडतो, आणि उंदीर त्याला सरावतात.

मग वहिनींचीच युक्ती केली. रात्री गाडीत रांगोळी भुरभुरली. सकाळी बारीक पावलांची रेघ थेट सिंकखाली, सांडपाण्याच्या पाइपाच्या भोकाशी. ते भोक मीच पाडलेलं, पाइपाभोवती बोटभर फट ठेवून. लहान उंदराला पेन्सिलएवढी फट पुरते. तारेची घासणी कोंबली, वरून पाव इंची जाळी स्क्रूने आवळली. खर्च १४० रुपये. तेव्हापासून पाच आठवडे रांगोळी जशीच्या तशी आहे. मला तर रोज फोटो मागवायची सवयच लागली.

इंजिन खालून उघडंच, तिथे जाळी चालत नाही. तिथे पिंजरा आणि भज्याचा तुकडा. आतापर्यंत चार सापडले. ब्लोअरच्या तोंडाचं काम राहिलंय, पुढचं प्लॅस्टिक उघडायचा कंटाळा. विष मात्र ठेवू नका, कुठेतरी सापटीत मरतो आणि महिनाभर वास जात नाही.

डबीला आता दोन तारे. ती वहिनींनी परसदारी लावलीय. रात्री बाथरूमला जाताना निळा दिवा बरा पडतो म्हणतात.