एस्ट्रिऑल क्रीम: आठ महिने वापरल्यावर

माझं वय 53. पाळी 49व्या वर्षी थांबली. गरम वाफा आणि रात्रीचा घाम दोनेक वर्षांत ओसरला, तेव्हा वाटलं सुटले एकदाची. योनीमार्गाचा कोरडेपणा त्यानंतर सुरू झाला. वाफा बहुतेकींच्या हळूहळू कमी होतात, हे दुखणं मात्र उपाय केला नाही तर वाढतच जातं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी फक्त संबंधाच्या वेळी दुखायचं. मग स्कूटरवर बसलं की सलवारची शिवण टोचायला लागली. पुढे लघवीला जळजळ. तपासणीत दर वेळी जंतू सापडायचेच असं नाही, तरी वर्षभरात अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी "या वयात व्हायचंच" म्हणत कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

मधल्या काळात घरचे-दारचे उपाय झाले. सुगंधी इंटिमेट वॉशने सगळ्यात वाट लावली, दोन दिवस नुसती आग. आत धुवायला काहीच लागत नाही, हे नंतर कळलं. खोबरेल तेल बाहेरच्या त्वचेला बरं वाटलं, पण ज्यांना निरोध वापरायचा आहे त्यांनी जपून, तेलाने लेटेक्स फाटतं. गरम वाटणारं आणि वासाचं ल्युब्रिकंट (संबंधाच्या वेळचं वंगण) मी एकदाच वापरलं आणि फेकून दिलं. सिलिकॉनचं चांगलं निघालं, पण त्याचा उपयोग तेवढ्या वेळापुरता. ओलावा धरून ठेवणारं हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल दर तीन दिवसांनी लावून निम्मा तरी फरक पडला. हार्मोन नको असेल तर सुरुवात त्यानेच करावी असं मी म्हणेन.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट तपासलं. पाळी गेल्यावर रक्त गेलंय का, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर आहे का, सगळं विचारलं. मग समजावलं: इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, त्यातली ग्लायकोजेन नावाची साखर घटते, त्यावर जगणारे चांगले जीवाणू कमी होतात आणि तिथला आम्लपणा जातो. लघवीची नळी शेजारीच, तिलाही तोच त्रास. 2014 पासून डॉक्टर लोक या दोन्हींना मिळून एकच नाव देतात म्हणे. माझे तीन कोर्स डोळ्यांसमोर आले.

त्यांनी योनीमार्गात लावायला एस्ट्रिऑलचं क्रीम लिहून दिलं, एस्ट्रिऑल म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. क्रीम घरी आणलं आणि आतला कागद वाचला. कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गाठी! ट्यूब दोन महिने कपाटात साड्यांखाली. हा माझा मूर्खपणा. परत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की त्या सूचना मुख्यतः पोटातून घ्यायच्या मोठ्या डोसच्या हार्मोनवरून आल्या आहेत. इथे रक्तात फार थोडं उतरतं. मात्र ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. आणि पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी आधी तपासणी, मग क्रीम.

मला सांगितलेला डोस: पहिले तीन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, नंतर आठवड्यातून दोनदा. 15 ग्रॅमची पहिली ट्यूब सातेक आठवड्यांत संपली, पुढची साडेतीन महिने पुरते. मंगळवार-शुक्रवार ठरवलेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक टिंब देते, नाहीतर विसरायला होतं.

पहिल्या आठवड्यात उलट थोडी चुरचुर झाली. तिसऱ्या आठवड्यात स्कूटरवर बसल्यावर काही टोचलं नाही, हे ऑफिसला पोहोचल्यावर लक्षात आलं! संबंधाच्या वेळचं दुखणं जायला मात्र तीन महिने लागले, आणि ल्युब्रिकंट अजूनही लागतं. आठ महिन्यांत लघवीचं इन्फेक्शन एकदाही नाही. पाचव्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून बंद करून पाहिलं. दीड महिन्यात सगळा त्रास परत. म्हणजे चष्म्यासारखं आहे, वापरताय तोवर दिसतं.

तक्रारी: अ‍ॅप्लिकेटर (क्रीम आत सोडायची नळी) धुवायला किचकट, सकाळी थोडं बाहेर येतं म्हणून पँटी लायनर लागतं. आणि केमिस्ट अजूनही काळ्या पिशवीत गुंडाळून देतो, जणू मी काही चोरून नेतेय.

यांना सांगायला मला क्रीमपेक्षा जास्त वेळ लागला. दोनेक वर्षं मी काही ना काही निमित्त काढून कूस बदलत होते. शेवटी एका रात्री सांगितलं, तर हे म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यावर कशावरून तरी चिडलीयेस." मग ट्यूबवरचं नाव चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे संपलं की मी आणू का?" आता तेच आणतात. काळ्या पिशवीला नको म्हणून सांगतात.

लघवीची घाई अजून आहे, रात्री एकदा उठावं लागतंच. ते पुढच्या भेटीत विचारणार आहे.