व्हिडिओ संभाषणात फोन आला तर: ब्राउझरसाठी कोणता मार्ग निवडावा?

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ संभाषण चालू असताना साधा फोन येऊन तो उचलला गेला, की मायक्रोफोनवर पहिला हक्क त्या फोनचा होतो. हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो आणि वेबपानाला तो बदलता येत नाही. सेवा तयार करणाऱ्याला फक्त पुढचे वर्तन ठरवता येते: संभाषण संपवावे, वाट पाहावी, की वापरकर्ता परतल्यावर मायक्रोफोन नव्याने मागावा.

संपवणे सर्वांत सोपे आहे. दोन-चार मिनिटांच्या चौकशीसाठी ते चालते. मात्र वैद्यकीय सल्ला किंवा मुलाखत अशी तुटली, तर पुन्हा जोडले जाण्याचा सगळा भार नेमका गोंधळलेल्या माणसावर पडतो.

वाट पाहण्याचा मार्ग आयफोनवर बराच विश्वासार्ह आहे, कारण सफारी हा ब्राउझर व्यत्ययाच्या वेळी ट्रॅकवर (मायक्रोफोनमधून पानाला मिळणाऱ्या आवाजाच्या प्रवाहावर) ‘म्यूट’ घटना, म्हणजे आवाज बंद झाल्याची सूचना, कळवतो आणि मायक्रोफोन परत मिळाल्यावर ‘अनम्यूट’ येते. परवानगी पुन्हा विचारावी लागत नाही. अँड्रॉइडवर खरी अडचण सुरू होते. अँड्रॉइड १० पासून फोन चालू असताना दुसऱ्या ॲपचे ध्वनिमुद्रण थांबत नाही, तर त्याला निव्वळ शांतता पुरवली जाते, त्यामुळे ट्रॅक ‘लाइव्ह’ (चालू) दिसत राहतो आणि समोरची व्यक्ती मात्र ‘ऐकू येतंय का?’ असे विचारत बसते. पान दृष्टिआड गेले का, एवढेच तपासणेही पुरत नाही, कारण आयओएस १४ पासून येणारा फोन वरच्या पट्टीतही दिसू शकतो आणि तेवढा वेळ पान समोरच असते. म्हणून ‘गेटस्टॅट्स’मधील (जोडणीची आकडेवारी देणाऱ्या ब्राउझरच्या आज्ञेतील) आवाजाची पातळी, ‘म्यूट’ घटना आणि पानाची दृश्यता या तिन्ही खुणा एकत्र वाचाव्या लागतात, आणि तरीही निष्कर्ष हा अंदाजच राहतो.

नव्याने मागण्याच्या मार्गात जुना ट्रॅक थांबवून ‘गेटयूजरमीडिया’ने (मायक्रोफोन मागणाऱ्या आज्ञेने) नवा घेतला जातो आणि ‘रिप्लेसट्रॅक’ने (ट्रॅक बदलणाऱ्या आज्ञेने) तो त्याच जोडणीत बसवला जातो, दोन्ही बाजूंना पुन्हा वाटाघाटी, म्हणजे जोडणीचे तपशील नव्याने ठरवण्याची देवाणघेवाण, करावी लागत नाही. परवानगीचा प्रश्न पुन्हा दिसू शकतो, ही किंमत मला मान्य आहे. मात्र फोन संपण्याआधीच मागणी केली, तर ती फसते किंवा पुन्हा शांतताच हाती येते. त्यामुळे ‘पुन्हा बोलू या’ असे ठळक बटण देऊन वेळ वापरकर्त्याला ठरवू द्यावी.

मायक्रोफोन परत मिळाला तरी जोडणी टिकलेली असेलच असे नाही. व्हीओएलटीई (४जी नेटवर्कवरूनच फोनवर बोलण्याची सोय) नसलेल्या सिमवर फोन घेताच नेटवर्क ३जी किंवा २जीवर उतरते, आणि २जीवर बोलणे चालू असताना डेटा सहसा थांबतो. वेबआरटीसीच्या (ब्राउझरमधील थेट व्हिडिओ संभाषणामागच्या तंत्राच्या) नियमानुसार समोरून ३० सेकंद प्रतिसाद न आल्यास आवाज व चित्र पाठवणे थांबवावे लागते, म्हणून तेथे आयसीई (दोन उपकरणांमधील जोडणीचा मार्ग शोधण्याची प्रक्रिया) नव्याने सुरू करण्याची तयारी हवी. वाय-फायवर ही अडचण येत नाही.

आयओएस १० पासून फोनवर स्थापित केलेल्या ॲपला कॉलकिटमुळे (ॲपमधील संभाषण फोनच्या कॉल व्यवस्थेशी जोडणाऱ्या ॲपलच्या सोयीमुळे) संभाषण ‘होल्ड’वर ठेवता येते, वेबपानाला ती सोय नाही. एकाही व्यत्ययाची किंमत परवडत नसेल, तर ॲपच करावे. इतरांनी माझ्या मते दुसरा आणि तिसरा मार्ग जोडावा: आधी वाट पाहावी, वापरकर्ता परतल्यावर आवाज आला नाही तर बटण दाखवावे. शंका येताक्षणी समोरच्याला ‘आवाज तात्पुरता थांबला आहे’ असा संदेश जावा, कारण नंतर पानाची स्क्रिप्ट (त्यामागचा प्रोग्राम) गोठू शकते. चाचणी खऱ्या सिमवर, मोबाइल डेटावर आणि एक मिनिटाहून लांब फोन घेऊन करावी.