गळका हीटर कोअर: बुजवावा, वगळावा की बदलावा?

जुन्या गाडीचा हीटर कोअर गळू लागला की मालकापुढे तीन वाटा असतात. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, गळती बुजवणारे द्रावण ओतावे, इंजिनकडून येणारे दोन होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून हीटर वगळावा, किंवा डॅशबोर्ड उघडून कोअर बदलावा. हा कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनचे गरम कूलंट त्यातून फिरते आणि ब्लोअरची हवा त्यावरून तापून आत येते. भाग स्वस्त आणि मजुरी भारी असा हा प्रकार असल्याने, डॅशबोर्ड उघडायचा का आणि उघडायचाच तर एकदाच कसा भागेल, या प्रश्नापासून विचार सुरू करावा असे माझे मत आहे.

त्याआधी गळते आहे ते खरोखर हीटर कोअरच आहे ना, हे पाहिले पाहिजे. पायाखालचे मॅट ओले दिसले की अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात. पण एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली तरी तेच घडते, आणि पुढच्या काचेच्या कडेने पावसाचे पाणी झिरपले तरीही. ओल्या जागी पांढरा टिश्यू दाबून ठेवावा. डाग रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि वासाला गोडसर असेल तर ते कूलंट आहे. रंग-वास नसलेले पाणी असेल तर ते एसीचे किंवा पावसाचे. काचेवर आतून जमणारा तेलकट थर, जो फडक्याने पुसला की नुसता पसरतो, ही दुसरी खूण. शंका उरलीच तर थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती तपासणारा पंप) लावून कूलंटच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, म्हणजे बहुतेक गाड्यांत सुमारे 1 बारपर्यंत, दाब द्यावा. काटा खाली येत असेल आणि इंजिनच्या कप्प्यात कुठेही थेंब दिसत नसेल, तर संशय आतल्या कोअरवरच येतो. तरीही फायरवॉल, म्हणजे इंजिनचा कप्पा आणि गाडीचा आतला भाग यांमधला पत्रा, याच्या जवळच्या होजच्या क्लिपा एकदा तपासाव्यात, कारण तिथली गळती कधीकधी नळीच्या आधाराने आत ओघळते आणि निर्दोष कोअर बदनाम होतो.

बुजवणारे द्रावण हा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत फसवा मार्ग आहे. त्यातले बारीक कण किंवा तंतू भोकापाशी अडकून तिथे पापुद्रा धरतात, हे खरे. परंतु भोक कोणते आणि रेडिएटरची अरुंद नळी कोणती हे त्या कणांना कळत नाही. जुन्या गाडीत आधीच गाळ साचलेला असतो, त्यात ही भर पडली की गळती थांबताना हीटरची उष्णताही निम्म्यावर येऊ शकते. टाचणीच्या टोकाएवढे भोक असेल आणि गाडी थोड्याच दिवसांत मोडीत काढायची असेल, तर हा उपाय क्षम्य आहे. मॅट भिजण्याइतकी गळती असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नये.

हीटर वगळणे हे त्या मानाने प्रामाणिक काम आहे. फायरवॉलपाशी दोन्ही होज काढून हीटरसाठीच्या होजचा तुकडा यू आकारात जोडला की अर्ध्या-पाऊण तासात गळती थांबते, आणि पुढे कोअर बदलल्यावर सगळे पूर्ववत करता येते. दोन्ही तोंडे नुसती बंद करण्यापेक्षा ती जोडणे बरे, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) बंद असतानाचे कूलंटचे अभिसरण याच वाटेवर अवलंबून असते. आत ऊब मिळणार नाही ही गैरसोय सहन करता येते. पण काचेवरचे धुके घालवणारी गरम हवाही मिळत नाही, ही सुरक्षिततेची बाब आहे. एसी हवा कोरडी करतो, तरी गोठणबिंदूच्या आसपास अनेक गाड्यांत कंप्रेसर चालूच होत नाही. त्यामुळे जिथे हिवाळा कडक असतो तिथे हा उपाय काही आठवड्यांपुरताच समजावा.

आता बदलण्याविषयी. काही गाड्यांत ग्लव्ह बॉक्स काढला की कोअर बाजूला सरकवून बाहेर येतो. काहींत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, स्टीअरिंगचा दांडा सैल करावा लागतो आणि हीटरची पेटी बाहेर काढण्यासाठी एसीचा गॅसही यंत्राने काढून घ्यावा लागतो. आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पहिल्या प्रकारात मी तरी इतर दोन पर्यायांचा विचारही करणार नाही. दुसऱ्या प्रकारात गाडी आणखी किती वर्षे ठेवायची यावर उत्तर ठरते. काम घरी करायचे असेल आणि गाडीत एअरबॅग असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबणे अनिवार्य आहे.

एकदा माझ्या गाडीचा वर्षानुवर्षे चिकटून बसलेला होज कारागिराने पक्कडीने पिळून ओढला, आणि तोवर चांगला असलेला कोअर नळीच्या सांध्यात फुटला. तेव्हापासून मी तो होज ब्लेडने उभा चिरून सोलून काढायला सांगतो. होज नवा घालायचाच असतो.

नवा की वापरलेला, यात नवाच घ्यावा, कारण दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला कोअर तितकाच झिजलेला असण्याचा संभव असतो. मूळचा कोअर तांब्या-पितळेचा असेल आणि त्या मापाचा नवा मिळत नसेल, तर जाणकाराकडून डाख देऊन घेता येतो. ॲल्युमिनियमच्या कोअरबाबत ती आशा धरू नये. कोअरभोवतीच्या स्पंजच्या पट्ट्या नव्या लावाव्यात, नाहीतर हवा बाजूने निसटते आणि नवा कोअर असूनही आत कोमटच वारा येतो. डॅशबोर्ड उघडाच आहे तर गरम-थंड हवेची झडप आणि तिची मोटरही तपासून घ्यावी.

जुना कोअर का कुजला हेही शोधावे लागते. कूलंट अनेक वर्षे बदललेले नसेल तर त्यातली गंजरोधक द्रव्ये संपलेली असतात. शिवाय अर्थिंग खराब असले की भटका विद्युतप्रवाह कूलंटमधून वाहतो. मल्टिमीटरची ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी तार थंड इंजिनच्या कूलंटमध्ये, धातूला न लावता, धरावी. मग इंजिन सुरू करून विजेची उपकरणे एकेक लावत आकडा पाहावा. 0.3 व्होल्टच्या पुढे गेला तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे.

तिन्ही मार्गांत एक काम सारखेच उरते. मॅटखालचा जाड थर कूलंट शोषून घेतो, आणि कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यासारखे चटकन उडून जात नाही. तो थर बाहेर काढून धुऊन वाळवावा, आणि सांडलेले कूलंट लगेच पुसावे, कारण ते चवीला गोड आणि पाळीव जनावरांना व लहान मुलांना विषारी असते.